अर्ध्या तासाचा मंगळ

आमच्या घरातलं सत्य वसरीच्या भिंतीवर टांगलेलं होतं. आठवड्याला ते सुमारे पाव तास मागे पडायचं, आणि दर रविवारी सकाळी रेडिओवर बातम्यांआधीची पिप वाजली की बाबा कदेलीवर चढून त्याला बोटाने पुढे ढकलायचे. वसरी म्हणजे ओसरी, कदेल म्हणजे खुर्ची. पोर्तुगीज गेले, कदेली राहिल्या.

बाबा पेडण्यातल्या एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. वक्तशीरपणा हा त्यांचा धर्म होता आणि त्यावर ते दरवर्षी बक्षीस समारंभात भाषण करत. ते भाषण ठरलेल्या वेळेत कधीच संपलं नाही. घड्याळ आजोबांनी आणलेलं. जर्मन बनावटीचं, उभट लाकडी पेटीचं, काचेच्या दारामागे पितळी लंबक असलेलं. वास्कोच्या बंदरात कामाला असलेल्या कोणा नातलगाने ते बोटीवरच्या माणसाकडून मिळवलं होतं. कसं मिळवलं हे विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. त्याला चावी बाबा देणार, काटे बाबा फिरवणार, आणि ते चुकीची वेळ दाखवत असेल तर ती चुकीची वेळही बाबाच जाहीर करणार.

मागे पडणं हा त्याचा लहान दोष. मोठा दोष ठोक्यांचा होता. तास पुरा झाला की ते एकच ठोका द्यायचं आणि अर्ध्या तासाला मात्र सगळे ठोके. म्हणजे दहा वाजता एक, साडेदहा वाजता दहा. आम्ही त्यातच वाढलो. ठोके मोजायचे आणि अर्धा तास मिळवायचा, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी येत होतं. पाहुण्यांचं तसं नसे. ताईला बघायला आलेली माणसं वसरीत बसलेली असत, अकरा वाजत, घड्याळ एकच ठोका देऊन गप्प होई, आणि पाहुणे एकमेकांकडे बघत. बाबा म्हणत, "जुनं आहे. जर्मन आहे." त्यात सगळं उत्तर आलं अशी त्यांची समजूत होती.

ताई माझ्याहून बरीच मोठी. चोपड्याला प्राथमिक शाळेत शिकवायची, नदीकाठच्या मुलांना बेरजा-वजाबाक्या शिकवून संध्याकाळच्या बसने परत यायची. तिचं लग्न होत नव्हतं. कारण घड्याळ नव्हे, पत्रिका. पत्रिकेत चौथ्या घरात मंगळ होता, आणि अशी मुलगी ज्याला स्वतःला मंगळ आहे त्यालाच द्यायची, नाहीतर नवरा जातो, असं मानणारी माणसं आमच्या तालुक्यात भरपूर होती. न मानणारीही होती, पण त्यांच्या घरात लग्नाचे मुलगे नव्हते. तेव्हा ताई मंगळवारी मासळी खात नसे, एकवेळ जेवत असे, आणि एकदा तर आमचे पुरोहित भटमामा यांच्या सांगण्यावरून मातीच्या घटाशी तिचं रीतसर लग्न लावून घट विहिरीत सोडण्यात आला होता. कोणी त्या लग्नाची चौकशी केली की ती म्हणायची, "बरो आसलो. एक शब्द काडलो नाय."

शेवटी दिचोलीचं स्थळ आलं. मुलगा खाणीच्या वर्कशॉपमध्ये कामाला, वडील नाहीत, आई आहे, आणि त्याच्या पत्रिकेतही मंगळ. तो एका मित्राला घेऊन मोटरसायकलवरून आला. अकरा वाजले, घड्याळाने एक ठोका दिला, बाबांनी तोंड उघडलं, पण त्याआधीच तो हसून म्हणाला, "हें सदांच अशें?" ताईने आतून चहा आणता आणता सांगितलं, "सदांच. साडेअकरा जावंदी, मागीर बघ." आणि तो खरोखरच साडेअकरापर्यंत बसला. अकरा ठोके मोजले आणि मग गेला. त्या दिवशी रांधता रांधता ताई गुणगुणत होती. आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. आमच्या घरात याहून जास्त काही बोललं जात नसे.

गोवा घटक राज्य झालं तो हा मे महिना. पेडण्याच्या बाजारात कमान उभी राहिली, मामलेदार कचेरीसमोर खुर्च्या मांडल्या. मी त्याच कचेरीत कारकून होतो, त्यामुळे खुर्च्या मांडणाऱ्यांत मीही होतो. बाबांना पहिल्या रांगेचं निमंत्रण होतं. ते खुर्च्यांच्या आधी येऊन पोचले आणि पाहुणे येईपर्यंत उन्हात उभे राहिले. पाहुणे आले तेव्हा ऊन उतरलं होतं. भाषणांत इतिहासाची घड्याळं, काळाची चक्रं, नव्या युगाची पहाट असं बरंच काही झालं. घरी येऊन बाबांनी जाहीर केलं की साखरपुड्याला दिचोलीची वडीलधारी माणसं येतील तेव्हा आपलं घड्याळ बरोबर चाललं पाहिजे आणि बरोबर वाजलं पाहिजे. "नव्या राज्यात," ते म्हणाले. राज्याचा आणि लंबकाचा संबंध मला कळला नाही, पण त्यांना मोतीबिंदू झाला होता, म्हणून काम माझ्याकडे आलं.

"हात लावू नको रे," ताई म्हणाली. "तेका तशेंच आवडला."

"तो एकटा येणार नाहीये," बाबा म्हणाले.

बाबा घरात शुद्ध मराठीच बोलत. भाषेच्या आंदोलनापासून तसा त्यांचा निश्चय होता. मराठीच्या बाजूने भर बाजारात भांडताना आपण कोंकणीतून भांडलो, हे त्यांच्या मागाहून लक्षात आलं होतं. आई आणि ताई त्यांना कोंकणीतच उत्तर देत आणि व्यवहार सुरळीत चाले.

मागे पडण्याचा दोष सोपा निघाला. लंबकाच्या तळाशी एक छोटी चाकी असते. ती फिरवली की पितळी चकती वर सरकते आणि घड्याळ जलद चालतं, खाली उतरवली की सावकाश. बाबांनी इतकी वर्षं काटे ढकलले, चाकीला कोणी बोट लावलं नव्हतं. मी ती जराशी फिरवायचो, दुसऱ्या दिवशी रेडिओशी ताडून बघायचो, पुन्हा जराशी. पेटीही थोडी कलती होती. कान देऊन ऐकलं तर टिक आणि टक यांच्यामधलं अंतर सारखं नव्हतं, लंगडं माणूस चालावं तसं. पेटी खालच्या बाजूला केसभर सरकवली आणि चाल सरळ झाली. चार-सहा दिवसांत घड्याळ रेडिओला सोडीना. बाबा येता-जाता त्याच्यासमोर थांबायचे आणि मान डोलवायचे. त्यांना आता रविवारी काही काम उरलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात यायचं होतं.

मग ठोके. तो मंगळवार होता. मी रजा टाकली होती, ताईला उन्हाळ्याची सुटी. घड्याळ काढून मेजावर आडवं ठेवलं. ताई काच पुसत होती. आई पायरीवर रातांबे फोडत बसली होती, हात मनगटापर्यंत लाल. बाबा वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे माझ्यावर लक्ष ठेवत होते.

काट्यांच्या मधली बारीक पिन काढली, तिच्याखालची चकती काढली, आणि मिनिटकाटा अलगद हातात आला. ज्या दांड्यावर तो बसतो तो दांडा चौकोनी होता आणि काट्याचं भोकही चौकोनी. म्हणजे काटा चार तऱ्हांनी बसू शकतो आणि त्यातली एकच बरोबर. आमचा नेमका अर्ध्या फेऱ्याने उलटा बसवलेला होता. यंत्र बिचारं वेळेवर ठोके देत होतं; काटाच त्या वेळी सहावर असायचा.

"कोणत्या गाढवाने हा उलटा बसवला?" मी म्हणालो.

"तुज्या आज्यान," आई पायरीवरून म्हणाली.

बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "शक्य नाही. ते फार काळजीपूर्वक वागणारे गृहस्थ होते."

"काळजीनच बसयलो. इंडियेची मिलिटरी आयली, मागीर हुकूम आयलो, सगळ्यांनी घड्याळां अर्दो तास फुडें करा म्हणून. तेंका वाटलें, काटे भोवडायले तर ठोके बिघडतले. म्हणून काटो काडून उलटो घातलो. बारको काटो बोटान सरकयलो." तिने एक रातांबा फोडला. "आनी म्हणाले, फिरंगी परत आयले तर परत सरळ करूक सोपें."

मी हसलो. ताई हसली नाही. तिचं काच पुसणं थांबलं होतं.

"म्हणजे आदीं हें घड्याळ अर्दो तास मागे आसलें?"

"हेंच नाय गो. सगळें गोंय. पलतडी सावंतवाडेक सात जाले की हांगा साडेसा."

"आनी हांव जल्मलें तेन्ना वेळ कोणे बघितली?"

"आज्यानच. हांगाच उबे आसले. साडेसा म्हणाले."

"ह्या घड्याळार."

"मगे कोणाच्या घड्याळार?"

मला अजून काही समजलं नव्हतं. बाबांना समजलं होतं. ते कदेलीवरून उठले आणि परत बसले. बसताना ते नेहमी 'श्रीराम' म्हणत. त्या दिवशी म्हणाले नाहीत. त्यांचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता. कोणी मुस्कटात मारावी आणि मारणारा दिसू नये, तसा.

"माका खबर आसलें," ते म्हणाले.

मराठी सुटली होती. ते परत म्हणाले, "माका खबर आसलें, आनी हांव विसरलों."

ती हकिगत मी त्या दिवशी पहिल्यांदा सगळी ऐकली. ताई जन्मली तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते आणि बाबा सरहद्दीपलीकडे, सावंतवाडीला शाळेत शिकवत होते. जाणं-येणं जवळजवळ बंद. पेडण्यातून जंगलवाटेने कोणीतरी गेलं आणि निरोप पोचवला: मुलगी झाली, सकाळी साडेसहाला, दोघी बऱ्या आहेत. बाबा इतके खूश झाले की तडक तिथल्या जोशांकडे गेले आणि पत्रिका मांडून घेतली. जोशांनी साडेसहा म्हणजे साडेसहा धरली, सावंतवाडीची. सावंतवाडीला तेव्हा सात वाजले होते. गोव्याचं घड्याळ मागे असतं हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. पूर्वी येणं-जाणं होतं तेव्हा नाक्यावर मनगटावरच्या घड्याळाचे काटे त्यांनी स्वतः कितीदा फिरवले होते. फक्त त्या एका सकाळी ते त्यांच्या डोक्यात आलं नाही, आणि नंतर गोवा मुक्त झाला, घड्याळं एक झाली, आणि तो अर्धा तास जगातूनच नाहीसा झाला. राहिला तो ताईच्या पत्रिकेत.

"तू का नाही सांगितलंस?" बाबांनी आईला विचारलं. मराठी परत येत होती, पण लटपटत.

"माका कोणे इचारलां?" आई म्हणाली.

ते खरं होतं. पत्रिका हा बायकांना विचारण्याचा विषय नव्हता.

बाबांनी मिनिटकाटा माझ्या हातातून घेतला, रुमालात गुंडाळला आणि खिशात घातला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग छत्री घेऊन ते भटमामांकडे गेले. आम्ही तिघं वसरीत बसून राहिलो. एक काटा असलेलं घड्याळ मेजावर उताणं पडलं होतं. आईने रातांबे फोडणं थांबवलं नाही, पण एकदा तिने ठेवायची साल टाकून दिली आणि बिया ताटात ठेवल्या, एवढं मी पाहिलं.

बाबा परतले ते दुपारी. भटमामांनी दोनदा गणित केलं होतं. अर्ध्या तासात लग्नरास बदलत होती, आणि तिच्याबरोबर सगळी घरं एकेकाने सरकत होती. मंगळ चौथ्यातून उठून तिसऱ्यात गेला होता.

"तिसऱ्या घरात दोष नाही," बाबा म्हणाले. "तिसऱ्या घरातला मंगळ पराक्रम देतो, असं भटमामा म्हणतात."

ताई पदराला हात पुसत होती, हात कोरडेच होते.

"आज मंगळवार मगे?" तिने विचारलं.

"हय," आई म्हणाली.

"माका बांगडो भाज."

आईने उठून बांगडा भाजला. ताईने पाटावर बसून, आमच्या तिघांच्या समोर, तो सावकाश खाल्ला. काटे काढून ताटाच्या कडेला ओळीने मांडले. तिला बघायला आलेली ती सगळी माणसं मला आठवत होती; चहा पिऊन, पोहे खाऊन, पत्रिका मागून नेणारी, आणि मग कोणाच्या तरी हाती 'जुळत नाही' म्हणून निरोप धाडणारी. त्यांतल्या कोणाचा दोष नव्हता. कागदावर जे होतं ते त्यांनी वाचलं. ताई खात होती आणि बाबा तिच्याकडे बघत नव्हते, ताटाकडे बघत होते.

मला वाटलं होतं की निदान एक जेवणभर तरी घरात आनंद होईल. तोही झाला नाही, कारण हात धुऊन येता येता ताईनेच विचारलं, "दिचोलीच्याचें कितें?"

तिथे खरी गोम होती. दिचोलीचं स्थळ आलं होतं ते मंगळामुळे. दोघांना मंगळ, म्हणून फिटंफाट. आता तिला नाही आणि त्याला आहे. भटमामांनी ते न विचारता सांगितलं होतं: मंगळाच्या मुलाला बिनमंगळाची मुलगी देणं म्हणजे मुलीच्या जिवाशी खेळ. हे लग्न होणे नाही.

"वा," ताई म्हणाली. "इतलीं वर्सां मंगळ आसा म्हणून नाका आसलंय. आतां नाय म्हणून नाका."

मी म्हणालो की हे आपल्याला आणि भटमामांना सोडून कोणाला ठाऊक नाही. भटमामांना मी सांभाळतो. काटा आहे तसा उलटा बसवू आणि विसरून जाऊ. घड्याळाने इतकी वर्षं तोंड बंद ठेवलं, आपणही ठेवू.

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं बोललो नाही. "ती माणसं विश्वासाने येतायत. त्यांना सांगितलंच पाहिजे."

ताई रडली असती तर आम्हाला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "मगे सांगा. पण ते नाय म्हणाले तर हांगा येवन माका भाषण करू नकात. नुस्तें नाय म्हणा. आनी तें वसरीत म्हणा. रांदचे कुडीत येऊ नकात."

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी दिचोलीला गेलो. आधी म्हापशाची बस, तिथून दुसरी. दिचोली जवळ आली तशी झाडांची पानं लाल व्हायला लागली. खनिजाची धूळ, घरांची छपरं, कुंपणं, कुत्री, सगळ्यांवर एकच रंग. बाबा धोतराचा सोगा हातात धरून बसले होते आणि ओठ हलत होते. भाषण पाठ चाललं होतं. भाषण करू नका असं ताईने सांगितलं होतं ते घरापुरतं, असा त्यांनी अर्थ काढला असावा.

मुलाची आई घरी होती. मुलगा पहिल्या पाळीला, येईलच म्हणाली. ठसठशीत बाई, कमरेला पदर खोचलेला. तिने आम्हाला कदेली दिल्या, चहा ठेवला आणि समोर पाटावर बसली. बाबांनी सुरुवात केली ती सत्यापासून. मग काळ आला, मग मानवी प्रमाद, मग पोर्तुगीज राजवट. शेवटी रुमाल सोडून त्यांनी मिनिटकाटा मेजावर ठेवला.

"हें कितें? सुई?"

"मिनिटकाटा," बाबा म्हणाले.

"तो हांगा कित्याक हाडलो?"

मी मग चार वाक्यांत सगळं सांगितलं. घड्याळ, अर्धा तास, साडेसहाचे सात, मंगळ नाही. तिने ऐकून घेतलं. काट्याला बोट लावून बघितलं.

बाबा म्हणाले, "चिरंजीवांचा जन्मही त्याच काळातला. त्यांची जन्मवेळ कोणत्या घड्याळाची होती ते कळलं, तर त्यांचीही पत्रिका सुधारून घेता येईल. कदाचित त्यांचाही दोष..."

"घड्याळ?" ती म्हणाली. "मास्तर, आमगेर घड्याळ नासलेंच." नासलें म्हणजे बिघडलेलं नव्हे, नव्हतंच.

"शेजारी कोणाकडे?"

"वाड्यार कोणागेर नासलें."

"मग जन्मवेळ?"

"पदेर आयिल्लो."

पदेर म्हणजे पाव विकणारा. त्या काळी तो डोक्यावर टोपली घेऊन, घुंगरांची काठी जमिनीवर आपटत सकाळचा यायचा.

"पदेर दारांत पावलो आनी भितर हो रडलो. सुईणीन तशेंच सांगलें, पदेर आयलो तेन्ना जल्मलो. भटान तितलेंच धरलें."

बाबांचा आवाज खाली गेला. "पदेर किती वाजता यायचा?"

"येतालो तेन्ना येतालो."

मी बाबांकडे पाहिलं नाही, काट्याकडे पाहिलं. त्यांनी पाणी मागितलं. तिने आणून दिलं.

"भटाने सात धरले की साडेसात की आठ..." बाबा म्हणाले.

"तें भटाक खबर. ताणें मंगळ म्हणून सांगलें, आमी हय म्हणलें." तिने जरा विचार केला, आणि लपवायचं काही नाही अशा सुरात पुढे म्हणाली, "बरो उपेगाक पडलो मास्तर. चली आवडली ना जाल्यार मंगळ म्हणून सांगपाचें. कोणाक वायट दिसना." चली म्हणजे मुलगी; आवडली नाही, तर मंगळ पुढे करायचा.

बाबांनी पेला खाली ठेवला. ज्या दोषासाठी त्यांच्या मुलीचं एका घटाशी लग्न लागलं होतं, तो दोष इथे या घरात कोणाला तरी गोड शब्दांत नाही म्हणण्यासाठी ठेवलेला होता, दाराआडच्या छत्रीसारखा.

तेवढ्यात मुलगा आला. भुवयांपर्यंत लाल, वर्कशॉपच्या कपड्यांत. आम्हाला बघून दारातच थांबला आणि आधी माझ्याकडे, मग बाबांकडे, मग आईकडे पाहिलं. काहीतरी मोडायला आलोत हे त्याला दिसलं असावं. तोंडावरची धूळ तशीच ठेवून तो उभा राहिला.

"मास्तर म्हणटात, तांच्या चलयेक मंगळ ना," त्याची आई म्हणाली.

"मगे?"

"तुका आसा."

"माका आसा तो पदेराचो," तो म्हणाला.

म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. बहुधा सगळ्या वाड्याला ठाऊक होतं. त्याने मेजावरचा काटा उचलला, उलटसुलट करून बघितला. वर्कशॉपचा माणूस, चौकोनी भोक लगेच बघितलं.

"हो काडलो कित्याक?" त्याने मला विचारलं.

"ठोके सुधारायला."

"म्हणजे आतां इकरांक इकरा ठोके मारतलें?"

"हो."

"कित्याक?" तो म्हणाला.

त्याच्या आईने चहाचे कप आमच्यापुढे सरकवले. "च्या थंड जाता मास्तर. चली बरी आसा मगे?"

"हो," बाबा म्हणाले.

"मगे आमी थारायल्ल्या दिसा येतलीं."

येताना म्हापशाच्या स्टँडवर बस सुटायला वेळ होता. बाबा बाकावर बसले होते, छत्री दोन गुडघ्यांत. ते म्हणाले, "तिला ज्यांनी नाकारलं, त्यांतल्या किती जणांचा मंगळ असा असेल?"

मी म्हणालो, ते आता कसं कळणार.

"आणि किती जणांचं कारणच मंगळ नसेल," ते म्हणाले. कोलवाळच्या पुलावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि खिशात ठेवला, डोळ्यांवर लावला नाही.

ताई वसरीत नव्हती. रांधण्याच्या खोलीत होती, आम्ही आल्याची चाहूल लागूनही बाहेर आली नाही. भांड्यांचा आवाज तेवढा थांबला. बाबा वसरीत उभे राहिले, जसं सांगितलं होतं तसं. घसा साफ केला. भाषण येतंय असं मला वाटलं.

"हय म्हणाले," ते म्हणाले.

आत कढई उतरवल्याचा आवाज आला, आणि ताईने विचारलं की तुम्ही दोघं सकाळपासून काही खाल्लंय का.

साखरपुडा झाला. काटा मी होता तसा उलटाच बसवला होता. भटमामांना बाबांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. त्यांनी दोन्ही पत्रिका पुन्हा मागितल्या नाहीत एवढं खरं. लग्न मार्गशीर्षात ठरलं. मुहूर्त मात्र बाबांनी मिनिटापर्यंत काढून घेतला, आणि छापील लग्नपत्रिकेत मुहूर्ताच्या वेळेपुढे कंसात 'भारतीय प्रमाणवेळेनुसार' असं घालायला लावलं. म्हापशाच्या छापखानेवाल्याने विचारलं, मास्तर, दुसरी कुठली वेळ आहे काय. बाबा म्हणाले, "होती."

लग्नाच्या दिवशी मांडवात सगळे वेळेआधी हजर होते. बाबा पंच्याच्या घडीत मनगटावरचं घड्याळ लपवून दर दोन मिनिटांनी बघत होते. दिचोलीहून वऱ्हाडाची बस निघाली होती, पण वाटेत खनिजाचा एक टिपर आडवा झाला आणि त्याच्यामागे सगळी वाहतूक अडली. वऱ्हाड पोचलं तेव्हा ताशेवाल्यांनी ताशे खाली ठेवून विड्या पेटवल्या होत्या. नवरदेवाच्या फेट्यावर लाल धूळ होती, ती तशीच राहिली. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं घाईने झाली, ताईने वर पाहिलं, त्याने पाहिलं, अक्षता पडल्या. मुहूर्त टळून गेला होता का, हे भटमामांना कोणी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. भात निवत चालला होता.